दातवाल्या ताईंचं बिऱ्हाड

समोरच्या काकूंनी ताईंना पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, बिचारी! कुणी टाकलेली दिसते. आता ते आठवलं की काकू कपाळावर हात मारून हसतात. कसली बिचारी! ताई कवळ्या बनवतात. अर्ध्या गावाचे दात त्यांच्या टेबलावर विचकत पडलेले असतात, अजून सोबत ती किती हवी?

तरी काकू दोन महिने "एकटीला घास जात नसेल" म्हणत भाजीची वाटी पोचवत राहिल्या. ताई वाटी चाटूनपुसून संपवायच्या, गप्पा झोडायच्या आणि रात्री बरोब्बर नऊला म्हणायच्या, "काकू, निघा आता. माझा वेळ सुरू झाला." काकू आधी रुसल्या. आता नऊला पाच कमी असताना स्वतःच चपला शोधतात.

परवा रविवारी सकाळी ताईंचा थोरला भाऊ नि वहिनी आले, ते रिकामी खोकी घेऊनच. दादांनी परस्पर घरमालकाला कळवून टाकलं होतं, ताई महिनाअखेर खोली सोडतेय म्हणून!

"बावन्नाव्या वर्षी एकटी राहतेस. लोकांच्या तोंडाला काय हात लावणार?"

"मी रोज लावते, दादा. पोटच भरतं त्यावर."

दारात उभ्या काकू फिस्सकन हसल्या.

"आणि उद्या तापाने फणफणलीस तर?"

ताईंचा आवाज खाली आला. "तुझ्याकडे दोन वर्षं होते ना? नऊ माणसांचं घर. तीन दिवस अंथरुणात पडून होते. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी चहा दिला असेल. एकटी मी तिथे होते, दादा. इथे दार लावते ते माझ्या मर्जीने. आणि सकाळी उघडलं नाही, तर ही बाई फोडून आत येईल."

"कुऱ्हाड आहे माझ्याकडे," काकू म्हणाल्या. नव्हती.

"खरंय हो ताईंचं," वहिनी हळूच पुटपुटल्या. दादांचं तोंड बघण्यासारखं झालं.

ताईंनी फोन पुढे केला. "तूच सांगितलंस, तूच निस्तर."

दादांनी निस्तरलं. मग घाम पुसत उठले आणि निदान काहीतरी आपल्या मनासारखं व्हावं म्हणून पंखा पाचवर केला.

"तीनवर," ताई म्हणाल्या.

"अगं, उकडतंय!"

"कवळ्यांच्या साच्यांच्या प्लास्टरची पूड उडते."

"आज रविवार. कुठाय प्लास्टर?"

ताईंनी टेबलाकडे पाहिलं. "बरं, नाही उडत. मला तीनवर आवडतो."

दादांनी पंखा तीनवर आणला.