पायाळू रुखमिणीची कंबर

रुखमिणीला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या हेडमास्तरांना लाथ मारताना. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष झालं होतं आणि मी करडीच्या शाळेत नवा मास्तर होतो. हेडमास्तरांची कंबर लचकली होती. रुखमिणी पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाची लाथ बसली की लचक जाते, ही आमच्याकडची पक्की समजूत. हेडमास्तर व्हरांड्यात पालथे पडले होते.

"आणखी एक मारू का, सर? पोरं पाहून राहिले," ती म्हणाली.

लाथ खायला येणाऱ्यांची तिला काडीची किंमत नव्हती.

पन्नाशीनंतर तिचीच कंबर धरली, कळ डाव्या पायात उतरू लागली. मुलगा मनिष तिला नागपूरच्या एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेला. एव्हाना घरोबा झालेला, म्हणून मीही सोबत होतो. डॉक्टरने एमआरआयची फिल्म उजेडाला धरली. "मणका दबलाय. सोमवारी ऑपरेशन, नाहीतर जन्मभर खाट."

"माह्या पायाले हात तरी लावा, साहेब. फोटोचंच ऑपरेशन करता का?" म्हणत रुखमिणी उठलीच. तिला चालवूनही न पाहणाऱ्या त्या माणसाला मी नमस्कारसुद्धा केला नाही.

भंडाऱ्याच्या सरकारी डॉक्टरीणबाईंनी तिला टाचांवर, मग चवड्यांवर चालवलं, टाचणी टोचून पाहिली. "ताकद शाबूत आहे. नुसत्या दुखण्यासाठी इतक्यात कापायचं नाही, बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत उतरतं. पण पाऊल लुळं पडलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी या."

"घ्या, आता लघवीवरबी पहारा!" रुखमिणी बाहेर येऊन म्हणाली.

महिन्याभरात कळ कमी झाली. मनिष खूश. पण धानकापणीच्या दिवसांत तिची डावी चप्पल रस्त्यात गळून पडू लागली, अन् तिला पत्ता नसे. पाऊल फरफटत होतं.

तिची जाऊ गोदावरीबाई म्हणाली, "मोहाडीचा सोमाजीबी पायाळूच हाये. त्याले बलावतो. एकच लाथ..."

"लाथेनं कायी होत नाही वो!" रुखमिणी कडाडली. "वीस वर्षं मीच मारून राहिली ना? कंबर आपल्या मनानं बरी होते, नाव माह्या पायाचं. मनिष, गाडी काढ."

गोदावरीबाईनेही रुखमिणीच्या दोन-चार लाथा खाल्ल्या होत्या, वर नारळ देऊन.

या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता थांबायचं नाही." दोन दिवसांत ऑपरेशन झालं. पाऊल नीट उचलायला पाच महिने लागले.

आता ती धानाच्या रोवणीला, दिवसभर वाकून रोपं लावायला, जात नाही. अंगणवाडीत खिचडी शिजवते.