आधी वाक्य, मग रंग

त्या काळी जळगावात बोर्ड रंगवणारे पुष्कळ होते, पण गिऱ्हाइकाला रडकुंडीला आणल्याशिवाय रंगाचा डबा न उघडणारा माणूस त्रिखंडात एकच असेल, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. सगळे त्यांना पेंटरभाऊ म्हणत. परवा सई फोनवर कुरकुरली, की डिझाइनच्या कॉलेजात चित्रं सोडून रोज एक पान लिहायला लावतात. मला भाऊ आठवले, आणि खरं सांगायचं तर मान खाली गेली. म्हणून तुम्हा सगळ्या नातवंडांसाठी हे लिहिते आहे.

भाऊ सातवी शिकलेले. रोज सकाळी चहाआधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक पान लिहीत. विषय काहीही: केळीची गाडी कशी उलटली, भरिताची वांगी भाजताना बायकोने काय सुनावलं. मग त्यातलं निम्मं खोडून टाकत. "अक्का, हाताला वळण ब्रशनं लागतं, डोक्याला वळण खोडण्यानं," असं ते मला सांगत. बोर्ड लिहून झाला की त्याच्यासमोरून स्वतः सायकलवरून जात. तिसऱ्या पायडलपर्यंत वाक्य वाचून संपलं नाही, तर सगळा बोर्ड पुसत. एकदा या नादात सायकलसकट भाजीवालीच्या टोपल्यांत गेले आणि वांग्यांतून उठत म्हणाले, "दोन शब्द जास्त झाले." एका मारवाडी कापडवाल्या शेठजींनी सात ओळींचा भरगच्च मजकूर आणला, तर भाऊंनी तो बाजूला ठेवून विचारलं, "शेठ, लोक तुमच्याकडेच का येतात?" असं तीनदा विचारल्यावर शेठजी भडकले. "कधी कोणाला वीतभर कापड कमी दिलं नाही, म्हणून येतात!" भाऊंनी रंगवलं, 'इथे माप पुरं मिळतं.' आठवड्याच्या आत गल्लीतले बाकीचे दुकानदार भांडायला हजर: "मग आमच्याकडे काय अर्धं मिळतं का हो?"

मी महिला मंडळाची चिटणीस होते. पुण्याची बी.ए., तीही इंग्रजी घेऊन, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. मंडळाने मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर ठरवलं. मुंबईहून डॉक्टर येणार होते. एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीसाठी मी मजकूर लिहिला: 'आपल्या नगरीतील समस्त नेत्ररुग्णांनी या सुवर्णसंधीचा अवश्य लाभ घ्यावा.' भाऊंनी कागद दोनदा वाचला.

"अक्का, ज्याला दिसत नाही, तो हे वाचणार कसा?"

मंडळाच्या बायका खुदकन हसल्या. मला वाटलं, मलाच हसल्या.

"वाचणार त्याचा मुलगा, नाहीतर सून," भाऊ शांतपणे म्हणाले. "मग त्यांच्याशी बोला ना. 'आईला दिसत नाही? रविवारी घेऊन या. कोणत्याही गावाहून या. पैसे लागत नाहीत.' बस."

"तुम्ही अक्षरं काढा, भाऊ. मजकूर कसा लिहायचा, ते मी कॉलेजात शिकले आहे."

"बरं, अक्का."

त्यांनी अक्षरं इतकी देखणी काढली, की लोक थांबून पाहत आणि एस.टी.त बसून निघून जात. शिबिरात निम्म्या खाटा रिकाम्या राहिल्या. डॉक्टर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी एरंडोलकडचा एक तरुण आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून मंडळाच्या दारात आला.

"शिबिर संपलं," मी म्हणाले. "बोर्ड वाचला नव्हता का?"

"पाटी त रोज वाची, बाई. पन ती शहरना लोकेसकरता शे ना? काल पेंटरभाऊनी सांगं, बठ्ठासकरता शे." पाटी सगळ्यांसाठी आहे, हे त्याला भाऊंकडून कळलं; 'आपल्या नगरीतील' हे शब्द माझे होते.

त्याच्या आईनेच माझी समजूत घातली. "जाऊ दे, बाई. पुढला साल येसूत."

मधल्या माघात त्या मुलाचं लग्न झालं. म्हातारीने ते कानांनी ऐकलं. पुढच्या शिबिरात डोळ्यांवरची पट्टी निघाली, तेव्हा तिने समोरच्या मुलीकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "हाई शे व्हय मन्ही सून? आतेपावत नुसता आवाज व्हता."

त्या वर्षी भिंतीवर भाऊंची वाक्यं होती. मी ती गुपचूप स्वतःच्या अक्षरात उतरवून त्यांच्याकडे दिली होती, आणि त्यांनी ती तशीच रंगवली होती. खाटा पुरल्या नाहीत, सतरंज्या अंथराव्या लागल्या. समारोपाच्या सभेत पाहुण्यांनी 'चिटणीसबाईंच्या साध्यासोप्या लेखणीचं' तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभी राहिले आणि खाली बसले. मागच्या रांगेत भाऊही टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून.

नंतर तुमच्या आजोबांची धुळ्याला बदली झाली. तिथून मी भाऊंना चार पानी पत्र लिहिलं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं: "अक्का, पत्र मिळालं. पहिली साडेतीन पानं नको होती. शेवटची ओळ पोचली."

ती ओळ अशी होती: 'वाक्यं तुमची होती, टाळ्या मी घेतल्या.' हे मी मंडळाच्या सभेत उभं राहून कधी म्हटलं नाही. आता भाऊ नाहीत, आणि त्या सभेतलंही कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.