कोपऱ्यावरची खूण

नकुड धोब्याने आयुष्यात एकच शपथ घेतली आणि तीच त्याला भोवली.

वंगभंगाच्या वर्षी बारिसालजवळच्या त्यांच्या गावात अनादिबाबू वकिलांनी सभा भरवली. भटजी, न्हावी, धोबी सगळ्यांनी कालीमातेसमोर शपथ घेतली, विलायती कापडाला शिवणार नाही. शपथ मोडेल त्याच्या घरचं लग्न लागणार नाही, असंही ठरलं. नकुडच्या मुलीचं, बिंदूचं लग्न फाल्गुनात होतं. तरी सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. बाबूंनी धोब्याला शेजारी उभं करावं, हे त्या गावात आक्रीतच होतं.

माघात कुंभारवाड्यातल्या खेंतीमावशीचा एकुलता मुलगा पटकीने गेला. सुतक फिटायला धोब्याने धुतलेलं वस्त्र लागतं आणि मावशीकडे साडी एकच, पांढरी, मँचेस्टरची. मुलाचा गमछा गुंडाळून ती घाटावर येऊन बसली.

"नकुड, पोराला पाणी पोचू दे रे. एवढंच कर."

त्याने तीनदा नाही म्हटलं. मग गुपचूप साडी केळीच्या राखेत उकळली, वाळवली, घडी घातली. आणि तीस वर्षांची सवय, हाताने आपोआप बिब्ब्यात सुई बुडवून कोपऱ्यावर त्याची खूण केली. तीन ठिपके, खाली रेघ. त्याच्या ध्यानातही आलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी बाबूंनी विचारलं, साडी कोणी धुतली? नकुड म्हणाला, माझा हात लागला असेल तर झडून जाईल. बाबूंनी मावशीच्या पदराचा कोपरा उलटला.

साडी चौकात जळली. मावशी गमछ्यावर घरी गेली, श्राद्ध राहिलं ते राहिलंच. बिंदूच्या सासरहून पानसुपारी परत आली. सरकारने प्रांत चिरला होता, बाबूंचा राग खोटा नव्हता. पण साहेबाचं त्यात काय गेलं?

सहा वर्षांनी बंगालची फाळणी रद्द झाली, गावात बत्तासे वाटले. महिन्याभरात अनादिबाबूंचा गडी घाटावर गाठोडं टाकून गेला. आत सहा तलम धोतरं, सगळी विलायती. शपथेचं काय, असं नकुडने विचारलं. गडी हसला, आता कसली शपथ.

नकुडने ती धुतली. घडी घालताना बिंदूने सुई उचलली. सतरा वर्षांची ती, तिला मागणी घालायला पुन्हा कोणी आलं नव्हतं.

"बाबा, खूण करू?"

"कर," तो म्हणाला. "यांचे कोपरे कोणी उलटून बघत नाही."