खोक्यातली दोन यंत्रं

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि गावात अंगणवाडी चालवत होते. डॉक्टरांनी सांगितलं, आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि तेही सोलापुरात. सरकारी योजनेत उपचार फुकट होते. पण सोलापूर काही जवळ येणार नव्हतं.

माझे मालक, म्हणजे नवरा, ट्रॅक्टर चालवतात. उसाच्या हंगामात ढोकीच्या साखर कारखान्याकडं गेले की पंधरा-पंधरा दिवस घरी येत नाहीत. मग माझ्यासोबत जायला सासूबाई उरल्या. त्यांना मी आत्या म्हणते. खरं सांगायचं तर आमचं फारसं पटत नव्हतं. सून घराबाहेर नोकरी करते हे त्यांना कधी आवडलं नाही. तरी पहिल्या मंगळवारी त्या लुगडं नेसून, भाकरी बांधून माझ्याआधी तयार होत्या.

गावातून जळकोटला मोठ्या रस्त्यावर येऊन बस धरायची. जाताना बरं वाटायचं. येताना अंगातलं सगळं पिळून काढल्यासारखं व्हायचं, उभं राहवत नसे. आत्या बसमध्ये चढल्या की एखाद्या तरण्या माणसासमोर उभ्या राहत आणि म्हणत, "ऊठ बाबा, माझी सून मशिनीवरून आलीया." तो उठायचाच. मला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. त्याचा तांब्या आत्यांनी स्वतःजवळ ठेवला होता. मी चिडायचे, त्या बधायच्या नाहीत.

असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी आत्या डोळे दाखवायला आमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथं व्हरांड्याच्या टोकाला त्यांना दोन मोठी खोकी दिसली. झाडणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "किडनीवाल्यांची यंत्रं हायत. लई दिवस झाले, तशीच पडून हायत."

आत्या घरी आल्या त्या पाय न धुताच माझ्या खाटेवर बसल्या. "तुला ठावं हाय का, तुझं यंत्र हितं येऊन पडलंय?"

तालुक्यांच्या ठिकाणीही डायलिसिस सुरू करायचं असं राज्य सरकारनं ठरवलेलं मी पेपरात वाचलं होतं. ते आपल्यासाठी आहे असं मात्र मनात आलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सांगितलं की पंचायत समितीच्या सभागृहात आरोग्याची जनसुनवाई आहे. राज्य सरकारचे अधिकारी येणार होते आणि लोकांनी आपल्या अडचणी त्यांच्यासमोर मांडायच्या होत्या. मी अर्ज लिहिला. सभागृहात तो वाचायला उठले तेव्हा मला धाप लागली. आत्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना वाचता येत नाही. कागद तसाच हातात धरून त्या बोलायला लागल्या.

"साहेब, ही माझी सून. हिला आठवड्यातून दोनदा म्या सोलापूरला नेती. तुमी यंत्रं धाडली, त्ये लई चांगलं केलं. पर ती खोक्यात हायत. खोक्यातल्या यंत्रानं रगत साफ हुतं का, एवढंच सांगा."

कुणी हसलं नाही. रुग्णालयाचे मोठे डॉक्टर स्वतः उठले. ते सबबी सांगतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आजी बरोबर बोलतात. यंत्रं आली, पण पाणी शुद्ध करायचा प्लांट आला नाही आणि यंत्र चालवणारा तंत्रज्ञ मिळाला नाही. मी तीनदा लिहिलंय. ही पत्रं." त्यांनी फाईल पुढं केली. राज्य सरकारच्या अधिकारी बाईंनी ती तिथंच पूर्ण वाचली, काही लिहून घेतलं आणि दोन महिन्यांची मुदत सांगितली.

लागले पाच महिने. दर बाजाराच्या दिवशी आत्या रुग्णालयात डोकावून यायच्या. खोली रंगवली, नळ बसले, पाण्याच्या टाक्या आल्या, अशी खबर त्या आणायच्या. शेवटी तंत्रज्ञ बाई रुजू झाल्या. त्या सीमेपलीकडच्या, बोलण्यात कानडी हेल, मला अक्का म्हणायच्या आणि आत्यांना अज्जी.

पहिल्या दिवशी आम्ही दोनच पेशंट होतो, मी आणि एक निवृत्त गुरुजी. सुया टोचून तास झाला असेल, तेवढ्यात वीज गेली आणि जनरेटर लवकर सुरू होईना. माझं रक्त नळीत थांबलेलं मला दिसत होतं. तंत्रज्ञ बाईंनी यंत्राच्या बाजूचा दांडा काढला आणि हातानं पंप फिरवायला सुरुवात केली. गुरुजींच्या यंत्राचा पंप सिस्टरांनी फिरवायला घेतला. "अक्का, घाबरू नका. तुमचं रक्त तुमच्याकडंच परत येतंय," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता, हाताची लय मात्र जराही चुकत नव्हती. वीज येईपर्यंत आत्या त्यांना पदरानं वारा घालत उभ्या राहिल्या.

आता चार वर्षं झाली. सकाळी पहिल्या पाळीला जाते, दुपारी जेवायला घरी असते. उरलेले दिवस अंगणवाडी. मधल्या काळात मदतनीस ताईंनी माझ्या वाट्याचंही काम ओढलं, त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा आम्ही पेशंटांनी मिळून चहा केला. मी आभार मानायला उठले तर ते म्हणाले, "मी फक्त पत्रं लिहीत होतो. विचारलं आजींनी." आत्यांनी मान खाली घातली. मी त्यांना इतकं लाजलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुजी गेल्या वर्षी वारले. शेवटच्या दिवसांतही ते मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचे, पंधरा मिनिटांत पोचायचे आणि जाताना सगळ्यांना नमस्कार करायचे. त्यांच्या दहाव्याला तंत्रज्ञ बाई रजा टाकून आल्या होत्या. मी आणि आत्या त्यांच्या शेजारी बसलो.