सुनेत्राची सत्तावीस अंडी

शरयू कर्णिक अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहायची आणि वूस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथल्या एका सहकाऱ्याने गाव सोडताना अजगराचं हातभर पिल्लू तिच्या गळ्यात मारलं, त्याला १९८६ साली सात वर्षं झाली. पिल्लाचं नाव तिने मंदा ठेवलं होतं, कारण ते फार हलायचंच नाही. आता मंदा अकरा फुटांची झाली होती. महाराष्ट्र मंडळात 'सापवाल्या कर्णिकबाई' म्हटलं की लोक माना वळवून बघायचे. शरयूला ते आवडायचं, हे ती कबूल करत नसे.

मग नागपूरची सुनेत्रा शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायला आली. मंदाला बघून तिनेही अजगर आणला. पिंजरा कसा गरम ठेवायचा, कात अडकली तर काय करायचं, सगळं शरयूनेच शिकवलं. "शरयूताई, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं सुनेत्रा येताजाता म्हणायची.

त्या हिवाळ्यात सुनेत्राने एक नर मिळवला. तो आधी मंदाजवळ ठेवला, मग स्वतःच्या मादीजवळ. शरयूने लॅबमधून मोडीत काढलेला इन्क्युबेटर आणून अंडी उबवण्यासाठी बेसमेंटमध्ये दुरुस्त केला. एप्रिलमध्ये, आठवड्याच्या अंतराने, दोन्ही माद्यांनी अंडी घातली.

मंदाची एकोणीस. पिवळट, मेणासारखी, सुरकुतलेली. शरयूने एकेक अंडं टॉर्चसमोर धरलं. आत एकही लाल रेघ दिसली नाही, म्हणजे जीव धरलाच नव्हता. सुनेत्राची सत्तावीस मात्र पांढरी, टणक, आणि प्रत्येकात रक्तवाहिन्यांचं जाळं.

"ताई, तुमच्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवूया ना? माझ्याकडे कुठे आहे?"

शरयू "हो" म्हणाली. नाही म्हणायला कारण तरी काय होतं?

दोन महिने ती दुसऱ्याची अंडी सांभाळत राहिली. अंडं उलटलं तर आतला जीव मरतो, म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला तिने पेन्सिलने खूण केली. नव्वद अंश फॅरनहाइटवरून काटा जरा सरकला तरी तिची झोप उडायची. आणि मंडळात लोक सुनेत्राभोवती गोळा होऊन विचारायचे, "काय, आजी कधी होताय?" शरयूला कोणी काही विचारत नसे. घरी येऊन ती भांडी आदळायची.

"अगं, इतका त्रास होतो तर तिला सांग ना, घेऊन जा म्हणून," नवरा मोहन म्हणाला.

"मला कसला त्रास होतोय?" ती फणकारली.

जूनमध्ये सुनेत्राच्या नवऱ्याला देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या सनीव्हेलमधल्या एका कंपनीने इंटरव्ह्यूला बोलावलं. घरं बघायला तीही निघाली. "पहिली चीर दिसली की लगेच फोन करा हं ताई. मिळेल त्या फ्लाइटने येते. मला ते बघायचंच आहे."

शुक्रवारी सकाळी शरयूला एका अंड्यावर चीर दिसली. ब्लेडने कापल्यासारखी सरळ. त्यातून एक ओलं नाक बाहेर आलं, श्वासाचा एक बुडबुडा फुटला आणि नाक आत गेलं. शरयूने आजारी असल्याचं लॅबला कळवलं आणि खुर्ची ओढून बसली.

संध्याकाळी फोन वाजला. "ताई, काही हालचाल?"

"नाही गं. अजून काहीच नाही."

स्वतःचाच आवाज तिला इतका सहज वाटला की ती दचकली. पण खरं सांगायला तिने पुन्हा फोन उचलला नाही. शनिवारभर अंड्यांतून डोकी निघत राहिली, तिच्याकडे टक लावून बघत राहिली. रविवारी दुपारपर्यंत सत्तावीसही बाहेर. तेव्हा कुठे तिने सनीव्हेलला फोन लावला. "आत्ताच फुटली बघ. एकदम सगळी."

सोमवारी सुनेत्रा थेट विमानतळावरून आली. पिल्लांकडे बघून हसली, आणि मग तिने एक कवच उचललं. ते वाळून कडकडीत झालं होतं.

"ही कालची नाहीत."

शरयूने ते कवच तिच्या हातून घेतलं. मग म्हणाली, "शुक्रवारची आहेत. तू फोन केलास तेव्हा फुटत होती."

"का, ताई?"

"मला एकटीला बघायची होती. तू असतीस तर ती तुझी झाली असती."

"ती माझीच होती," सुनेत्रा म्हणाली. आवाज चढला नाही. तिने पिल्लं उशांच्या अभ्र्यांत भरली, मोहनने गाडीत ठेवायला मदत केली, आणि ती गेली.

ऑगस्टमध्ये ती दोघं सनीव्हेलला राहायला गेली. जाण्याआधी सुनेत्राने नर आणि मादी एका शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंना देऊन टाकले. शरयूला ते मंडळात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तो नर आपल्याला मिळेल अशी तिची आशा होती, हे तिला तेव्हा उमगलं. त्या बाईंचाही तिला हेवा वाटला.

मंदाने पुढे कधी अंडी घातली नाहीत. सुनेत्राला शरयूने दोन पत्रं लिहिली, दोन्हींत माफी मागितली. उत्तर आलं नाही. पण त्या तीन दिवसांबद्दल वाईट वाटतं, असं काही तिने पत्रात लिहिलं नव्हतं. ते खोटं झालं असतं.