सुगंध, तोंड मिट, हाऽश

“‘काही नाही’ हे दुखण्याचं नाव नव्हे,” असं म्हणून काकू पर्समधून रबरबँड लावलेली छोटी वही काढायच्या, पेनाचं टोपण दातांनी उघडायच्या आणि चष्म्यावरून बघत राहायच्या. मग भलेभले प्रोजेक्ट मॅनेजरही निमूट सांगू लागायचे, कुठे दुखतं, कधीपासून, आणि काल काय काय हादडलं होतं.

जपानमध्ये हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतींमध्ये तेव्हा पुण्या-मुंबईची आयटीवाली कुटुंबं भराभर येत होती. काकू आणि त्यांचे यजमान आमच्या बरेच आधी आलेले, मूळचे सांगलीचे. घरात अंडंसुद्धा न आणणाऱ्या या बाईंनी एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत पाच वर्षं माशांचे डबे भरायची ‘बाइतो’, म्हणजे पार्टटाइम नोकरी केली. “नाकाला रुमाल बांधला आणि कानांनी जपानी शिकले,” असं त्या सांगायच्या. त्या जपानीच्या जोरावर त्या मराठी माणसांना दवाखान्यात घेऊन जायच्या. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. तुमच्याही शेजारात असं एखादं न बोलावता येणारं माणूस असेलच.

माझी आणि त्यांची खरी ओळख स्टेशनच्या जिन्यावर झाली. मी अडतीस वर्षांचा. जिना चढताना छातीवर पोतं ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून मी मध्येच वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचो. एकदा मागून आवाज आला, “अरे, तुझ्या बुटांना नाड्या कुठायत?”

मी खाली पाहिलं. खरंच नव्हत्या.

“काही नाही हो काकू, गॅस आहे.”

“गॅस जिना बघून होतो का रे?”

खरं तर मी आठवड्यापूर्वीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. दुभाषी कोण, तर माझी सात वर्षांची लेक. जपानी शाळेत जाणारी, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देणारी. मी म्हणालो गॅस, तिने सांगितलं पोट, डॉक्टरांनी पोटाच्या पुड्या दिल्या. हे ऐकल्यावर मात्र काकू चिडल्या.

“लेकराच्या तोंडून बापाचं दुखणं वदवून घेतोस? उद्या डॉक्टर नको ते बोलले, तर तेही तिनेच तुला सांगायचं?”



दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. ईसीजी ठीक निघाला. “बघा, काही नाही,” मी म्हणालो. काकूंनी नुसतं वहीवर पेन आपटलं.

मग इको. मी डाव्या कुशीवर, बरगड्यांवर थंडगार जेल, पडद्याबाहेरच्या खुर्चीत काकू. तंत्रज्ञ छातीवर यंत्र टेकवून म्हणाला, “सुत्ते.” मला ऐकू आलं ‘सुटते’. मी श्वास सोडला. तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. मी आणखी सोडला. तिसऱ्या वेळी माझ्याकडे सोडायला काही उरलंच नव्हतं. चित्र नीट येईना आणि तो बिचारा माझीच माफी मागू लागला.

पडद्याबाहेर काकू हसत सुटल्या. “अरे शहाण्या, सुत्ते म्हणजे श्वास आत ओढायचा! ‘सु’ म्हणजे सुगंध घे. ‘तोमेते’ म्हणजे तोंड मिट, श्वास धरून ठेव. आणि ‘हाइते’ म्हणजे सोड, हाऽश!”

हे काय चाललंय, म्हणून तंत्रज्ञाने विचारलं, तर त्यालाही त्यांनी सगळं समजावून दिलं. त्याने गंभीरपणे म्हणून पाहिलं, “सुगांदो.”

त्यानंतर मला ट्रेडमिलवर चालवलं. यंत्रावरच्या रेषा बदलल्या आणि डॉक्टरांनी पट्टा मध्येच थांबवला. अँजिओग्राफी ठरली. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, रक्तवाहिन्यांची चित्रं घ्यायची आणि अडथळा दिसला तर तिथेच स्टेंटची जाळी बसवायची. प्रत्येक चित्राच्या वेळी श्वास धरून ठेवायचा. आणि आत काकूंना परवानगी नव्हती.

मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. लेकीचं दप्तर डोळ्यांसमोर येत होतं. काकू खाटेबरोबर दारापर्यंत चालत आल्या. “म्हणून दाखव.”

“सुगंध. तोंड मिट. हाऽश.”

“पास,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

आत “सुत्ते” ऐकू आलं, तेव्हा मी काकूंच्या घरच्या तुपातल्या जिऱ्याच्या फोडणीचा वास घेतला. एकदाही चुकलो नाही. एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. जाळी बसली.

नंतर डॉक्टर खाटेपाशी येऊन काकूंशी बराच वेळ बोलले. बोलताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर मी विचारलं, “काय म्हणाले?”

“काही नाही,” काकू म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे शब्द मी तेवढे एकदाच ऐकले. नेमकं किती थोडक्यात निभावलं, हे त्यांनी फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं; मला तिच्याकडून वर्षभराने कळलं.

पुढे यजमानांचं काम संपलं आणि काकू सांगलीला परतल्या. काही वर्षांनी तिकडून त्या गेल्याचा फोन आला, त्याच आठवड्यात माझी दर वर्षाची तपासणी होती. तीच खोली, तोच तंत्रज्ञ, आता केस पिकलेला. नेहमीसारखं तो म्हणाला, “सुगांदो.” मी श्वास घेतला. “तोमेते.” मी तोंड मिटलं, पण डोळे काही ऐकेनात.

त्याने हात थांबवला. “काकू-सान?” दर वर्षी तो त्यांची चौकशी करायचा. काकू हे त्यांचं नावच आहे, अशी त्याची समजूत होती.

‘काही नाही’ अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, “काकू वारल्या. खूप दुखतंय.”

त्याने यंत्र खाली ठेवलं. उठून पडदा बाजूला सारला आणि बाहेरच्या रिकाम्या खुर्चीसमोर कमरेत वाकून उभा राहिला. मग परत येऊन बसला, पडदा मला ती खुर्ची दिसेल एवढा उघडाच ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“सुगांदो.”

मी मावेल तेवढा श्वास घेतला.