ब्रेक शाबूत होते

शी साहेबांना जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची. चहावरची साय, गाडीत मारलेला सेंट, शर्यतीआधीच काढलेले विजयाचे फोटो, कुठेही थुंकणारे आम्ही. नाक मुरडून ते एकच शब्द टाकायचे, "डिस्गस्टिंग!" ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच अंगाला वास येतोय. आमच्याकडे टायर बघणारे श्रीवर्धनचे हनीफभाई पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "ह्याला सगल्याचीच शी वाटते रे!" तेव्हापासून या उंच, पाठीत वाकलेल्या अमेरिकन म्हाताऱ्याचं नाव शी साहेब पडलं.

इकडे आखातात, अल हैलपासून अर्ध्या तासावर एका खासगी क्लबाचा रेसट्रॅक आहे. हौशी लोक तिथे उघड्या चाकांच्या, एका माणसाच्या फॉर्म्युला गाड्या पळवायला येतात. मी तिथे मेकॅनिक, गाव संगमेश्वरजवळचं. साहेब मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा मॅनेजरने त्यांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून दारात लावला आणि खाली 'जगज्जेता' असं छापलं. साहेबांनी स्वतः स्टुलावर चढून तो उतरवला. "मी जगबिग काही जिंकलेलो नाही," ते म्हणाले. मॅनेजर आपल्याच पुण्याचा. हसत म्हणाला, "सर, गिऱ्हाइकाला कुठे कळतंय!" तो माणूस मला पहिल्यापासूनच आवडला नव्हता.

साहेबांची कारकीर्द मी त्यांच्याच तोंडून ऐकली, पण ते ती चुकांच्या क्रमाने सांगत. बापाचं टायरचं दुकान, त्यामुळे पोरगा लवकरच छोट्या फॉर्म्युला गाड्यांत बसला. मग एक बॅग घेऊन युरोपात गेला, व्हॅनमध्ये झोपून दोन हंगाम काढले. वरच्या वर्गात जागा मिळाली ती अर्ध्या हंगामात गेली, कारण साहेब एकाच वळणावर तीनदा भिंतीला धडकले. जिंकलेल्या शर्यती विचारल्या की म्हणायचे, "त्यातून काय शिकणार?" पुढची बारा वर्षं स्पोर्ट्स प्रोटोटाइपमध्ये गेली. त्या बसक्या गाड्यांची शर्यत तासन्‌तास चालते, एकच गाडी तिघं आळीपाळीने चालवतात. "दुसऱ्याच्या घामाने भिजलेल्या सीटमध्ये बसायचं, शिर्के. डिस्गस्टिंग! पण पुन्हा बसायला मिळालं तर आत्ता जाईन."

क्लबात त्यांचा एक नियम होता. गाडीतून उतरलेल्याने आधी स्वतःची चूक सांगायची, मगच गाडीची तक्रार. गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी व्हायची. आम्हा मेकॅनिकांचं कामही ते सुरुवातीला स्वतः तपासायचे, ब्रेकचं पेडल दाबून बघायचे. वर्षभराने माझ्या गाड्या त्यांनी तपासणं सोडलं. "तू केलंयस ना? मग यल्ला, सोड गाडी." याहून मोठं कौतुक मला उभ्या नोकरीत मिळालं नाही.

एका खरीफमध्ये, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, क्लबाने आम्हा सगळ्यांना सलालाहला नेलं. लोक झिमझिम पावसात मुद्दाम भिजत होते आणि साहेब शहाळ्याच्या टपरीखाली अंग चोरून उभे. मी विचारलं तर म्हणाले, "एका शर्यतीत असाच पाऊस होता, आमची गाडी पुढे होती आणि मी चुकीचा गिअर टाकून इंजिन फोडलं." पुढे म्हणाले, "बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, गिअरबॉक्स गेला. तो बसवणाऱ्या मेकॅनिकला काढून टाकलं. मी तिथेच उभा होतो." शहाळं त्यांनी तसंच खाली ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोहारचा एक कंत्राटदार, अर्बाबचा, म्हणजे क्लबाच्या मालकाचा, जिवलग दोस्त, मी तयार केलेल्या गाडीतून शेवटच्या वळणावर उशिरा ब्रेक मारून टायरच्या भिंतीत घुसला. मनगट मोडलं. उतरल्या उतरल्या ओरडला, "ब्रेकच लागले नाहीत!" मी पेडल दाबून पाहिलं, दगडासारखं घट्ट. ट्रॅकवर चाकं जाम झाल्याचे काळे पट्टे लांबपर्यंत उमटले होते; ब्रेक लागल्याशिवाय ते उमटत नाहीत. तरी मॅनेजरने रिपोर्ट लिहिला, मेकॅनिकचा हलगर्जीपणा, आणि सहीसाठी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो फाडला. "हे पट्टे काय मांजराने ओढले? एकदा गप्प बसलो, आता बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"शिर्के, साहेबांनी न तपासता गाडी सोडली, एवढंच लिहून दे. यात खोटं काय आहे?"

"पण सर, ब्रेक..."

"ब्रेकचं कोण विचारतंय? नाहीतर तुझं खलास. महिनाअखेर बायकोमुलीसकट गावी परत. मुलगी दहावीला ना रे तुझी?"

मला त्याची किळस आली. मऊ आवाजात, बिस्किटाची बशी पुढे सरकवत तो हे बोलत होता. मी बिस्कीट घेतलं आणि सही केली. कागदावरचा शब्द न्‌ शब्द खरा होता आणि त्याच्याइतकं घाणेरडं मी काही केलेलं नाही. साहेबांनी माझ्यावर टाकलेला विश्वासच मी त्यांचा गुन्हा म्हणून लिहून दिला. मॅनेजरची किळस निदान घरी गेल्यावर विसरता येते, स्वतःची येत नाही.

त्या कागदावर साहेबांना काढलं आणि चौथ्या दिवशी ते सामान न्यायला आले. हनीफभाईंनी त्यांना मिठी मारली, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मॅनेजर दारात मोबाइल चाळत उभा, कान आमच्याकडे. साहेब माझ्यापाशी आले.

"कागदाचं सोड," ते म्हणाले. "एकदा फक्त तोंडाने सांग. त्या दिवशी ब्रेक शाबूत होते ना?"

एक 'हो' म्हणायचं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं. मी मॅनेजरकडे पाहिलं आणि म्हणालो, "आठवत नाही, सर."

मला वाटलं, आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी बॅग उचलली.

"मुलीची परीक्षा कधी सुरू होतेय?"

"सोमवारी."

"तिला सांग, पेपर नीट वाच. घाई करू नकोस," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.